इन्स्पेक्टर निघून गेल्यावर: सोलापुरातल्या एका नाट्यवाचनाचं प्रकरण

सोलापुरातल्या एका हौशी नाट्यगटाने जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकाचं मराठी रूपांतर करून त्याची दोन वाचनं केली. दोन्ही वेळा जागा तीच, पूर्व भागातला एक समाजहॉल. तिकीट नाही. प्रेक्षक आसपासचेच: जन्मभर लूमवर उभी राहिलेली माणसं, विड्या वळणाऱ्या बाया, कॉलेजची पोरं आणि थोडे कारखानदार. पहिल्या वाचनाला भरपूर टाळ्या पडल्या, लोक ‘छान संदेश दिला’ म्हणाले आणि चपला घालून घरी गेले. दुसऱ्या वाचनाला टाळ्या जेमतेम पडल्या, पण माणसं हॉलमधून उठायला तयार नव्हती. शेवटी हॉलवाल्याला दिवे घालवण्याची भाषा करावी लागली.

या दोन वाचनांच्या मधे संहितेत काय बदललं आणि का, ते इथे लिहिते आहे. संहितेच्या कामात मी गटाबरोबर होते. सामाजिक जबाबदारीवरचं नाटक करायचं म्हटलं की आपल्याकडे आधी भाषण लिहिलं जातं, मग ते बोलायला पात्र शोधलं जातं. तसं केलं की काय होतं आणि उलटं केलं की काय होतं, हे दोन्ही या एकाच प्रकरणात पाहायला मिळालं.

मुळात नाटक काय आहे

प्रीस्टली ब्रॅडफर्डचे, म्हणजे लोकरीच्या गिरण्यांच्या गावचे. शाळा सोडल्यावर त्यांनी तिथल्या एका लोकरीच्या पेढीत कारकुनी केली, मग पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून लढले, जखमी झाले. हे नाटक त्यांनी दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा लिहिलं. पहिले प्रयोग १९४५ मध्ये सोव्हिएत रशियात झाले, लंडनमध्ये १९४६ साली. नाटकातला काळ मात्र १९१२ चा. बर्लिंग नावाच्या कारखानदाराच्या घरी मुलीच्या साखरपुड्याची मेजवानी चालू आहे. तेवढ्यात एक इन्स्पेक्टर येतो. इव्हा स्मिथ नावाच्या तरुण मुलीने जंतुनाशक पिऊन जीव दिला आहे, तिच्याबद्दल काही विचारायचं आहे, म्हणतो.

त्या घरातल्या प्रत्येकाचा तिच्याशी कधी ना कधी संबंध आलेला आहे. बापाने तिला कारखान्यातून काढलं, कारण ती आठवड्याला साडेबावीस शिलिंगांच्या जागी पंचवीस मागणाऱ्यांतली एक होती. मुलगी शीला हिने दुकानात अंगाला न शोभणारा ड्रेस घालून पाहिला, ही सेल्सगर्ल हसली असं तिला वाटलं आणि तिने तक्रार करून तिची नोकरी घालवली. होणारा जावई जेराल्ड याने तिला काही महिने ठेवली आणि सोडली. मुलगा एरिक दारूच्या नशेत तिच्या खोलीत जबरदस्तीने शिरला. तिला दिवस गेले. मग त्याने बापाच्या कचेरीतून पैसे चोरून तिला दिले. पैसे चोरीचे आहेत हे कळल्यावर तिने ते नाकारले. शेवटी ती मदत मागायला महिलांच्या धर्मादाय संस्थेत गेली. तिथे समितीवर आई, मिसेस बर्लिंग. तिने अर्ज फेटाळायला लावला.

यातलं एकही कृत्य एकटं घेतलं तर खून ठरत नाही. नाटककाराने दोष वाटून टाकला आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याला तो इतका थोडा आला आहे की प्रत्येकजण म्हणू शकतो, ‘मी तर एवढंच केलं.’ मराठी प्रेक्षकाला ही रचना नवी नाही. १८९९ च्या ‘संगीत शारदा’त देवलांनी म्हाताऱ्या भुजंगनाथाला एकट्याला आरोपी केलं नाही. मुलीवर पैसे घेणारा बाप कांचनभट आहे, मधे दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित आहे. त्या विवाहाला किती हात लागले ते देवल एकेक करून दाखवतात. फरक इतकाच की शारदा आपल्यासमोर आहे, तिचं गाणं आपण ऐकतो. इव्हा रंगमंचावर एकदाही येत नाही. तिचा चेहरा प्रेक्षकाने पाहिलेला नसतो, म्हणून तिथे कुठलाही चेहरा बसतो.

सोलापुरात आणताना

गटातल्या तरुण लेखकाने नाटक आजच्या काळात आणायचं ठरवलं होतं. पण या नाटकाच्या पहिल्या अंकातला मोठा आधार असा की १९१२ साली बर्लिंग छाती फुगवून सांगतो, युद्धबिद्ध काही होत नाही आणि टायटॅनिक बुडणं शक्यच नाही. पुढचं सगळं प्रेक्षकाला माहीत असतं. ज्या माणसाचा प्रत्येक अंदाज खोटा ठरणार आहे तोच ‘प्रत्येकाने आपलं आपण बघावं’ हा उपदेश पोरांना करतो आहे. नाटककार स्वतः एक शब्द बोलत नाही. पात्राचा आत्मविश्वासच पात्राविरुद्ध साक्ष देतो.

आजच्या काळात नाटक आणलं तर हे हातचं जातं, कारण उद्या काय होणार ते प्रेक्षकालाही ठाऊक नाही. बऱ्याच वादानंतर काळ ठरला १९८१ ची दिवाळी. चादरी-टॉवेलच्या कारखानदाराचा बंगला, मुलीचा साखरपुडा. कारखानदार होणाऱ्या जावयाला सांगतो: मुंबईत संपाच्या गप्पा चालल्यात, झालाच तर पंधरा दिवसांत सगळे मुकाट कामावर येतील. आणि सोलापूरच्या मिलचा भोंगा? तो काय थांबतोय.

मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि त्याचा शेवट कसा झाला हे महाराष्ट्राला माहीत आहे. सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या मिलही पुढे बंद पडल्या. भोंग्याचं वाक्य आलं की हॉलमधली मागची रांग दोन्ही वाचनांत गप्प झाली. त्या रांगेत मिलमधून घरी बसलेली माणसं होती. रूपांतरातली ही एक जागा पहिल्यापासून नेमकी जमली होती.

शीला नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात गेली, आई एका महिला मंडळाची अध्यक्ष झाली. मंडळ निराधार बायांना शिलाई मशीन देतं. जीव दिलेल्या मुलीने आधी कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्याचं काम केलेलं, मग दुकानात. नाटकभर एक फोटो फिरतो. इन्स्पेक्टर तो एका वेळी एकालाच दाखवतो, दुसऱ्याला बघू देत नाही. वाचनात फोटोच्या जागी पासपोर्ट आकाराचा कोरा पांढरा कागद वापरला.

प्रकाशाचीही एक सूचना मुळात आहे: इन्स्पेक्टर येईपर्यंत उजेड गुलाबीसर, घरगुती, तो आला की लख्ख आणि कठोर. हॉलमध्ये एक पिवळा बल्ब आणि ट्यूबलाइट, एवढंच होतं. दारावरची बेल वाजली की एका पोराने खटके दाबायचे. ट्यूब लागताना दोनदा फडफडायची आणि तेवढ्या वेळात स्टेजवरच्या सगळ्यांचे चेहरे बदललेले दिसायचे.

पहिल्या वाचनात काय बिघडलं

दोन गोष्टी. एक म्हणजे कारखानदार खलनायक झाला होता. पोट पुढे काढून बोलणारा, कामगारांना शिव्या देणारा. लोक त्याला हसत होते, आणि हसणारा प्रेक्षक स्वतःला त्याच्यापासून लांब ठेवतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. वाचन लांबतंय म्हणून शेवट कापला होता. इन्स्पेक्टर जाताना जे बोलतो, की आपण सगळे एकमेकांना बांधलेले आहोत आणि माणसं हा धडा शिकली नाहीत तर तो आग, रक्त आणि यातनांतून शिकावा लागेल, तिथेच वाचन संपवलं होतं. दिग्दर्शकाचं म्हणणं, संदेश तर इथे पूर्ण झाला, पुढे लांबण कशाला? टाळ्या तिथेच पडल्या. पण टाळी वाजवली की माणूस मोकळा होतो. भाषणाला मान डोलावली म्हणजे आपण भल्यांच्या बाजूचे, असं वाटून तो उठतो. त्या संध्याकाळी तेच झालं.

कारखानदाराची भूमिका वाचणारे गृहस्थ स्वतः लूमवाले आहेत. गटात सगळे त्यांना मामा म्हणतात. पहिल्या वाचनानंतरच्या बैठकीत ते लेखकावर जवळजवळ चिडलेच. ‘मला राक्षस करू नको बाबा. सुताचा भाव आठवड्याला हलतो, वीजबिल थांबत नाही, गेलेल्या मालाचे पैसे तीन-तीन महिने येत नाहीत. मजुरी वाढवा म्हटलं की हा माणूस जे बोलतो तेच मी पण बोलतो. मी वाईट माणूस आहे का?’

कुणाकडेच पटकन उत्तर नव्हतं. लेखक म्हणाला, ‘मामा, तुमच्यावर नाही लिहिलं.’ मामा म्हणाले, ‘मग कुणावर लिहिलंस?’

मूळ संहिता पुन्हा उघडली तर प्रीस्टली मामांच्याच बाजूने होते. बर्लिंग शिवीगाळ करत नाही. तो हिशोब सांगतो. दर वाढवला असता तर मजुरीचा खर्च साधारण बारा टक्क्यांनी वाढला असता. खर्च कमी ठेवणं हे माझं कर्तव्य आहे. साडेबाविसाचे पंचवीस म्हणजे अकरा टक्क्यांच्या वर, हिशोब खोटा नाही. संप दोन आठवड्यांत बारगळला, कामगारांकडे खायला उरलं नाही, ते परत आले. जुन्याच दरावर सगळ्यांना घेतलं, फक्त चार-पाच पुढाऱ्यांना काढलं. धंद्याच्या जगात याला कुणी क्रौर्य म्हणणार नाही, आणि नाटकाची सगळी ताकद तिथे आहे. गुन्हा आडदांड माणसाने केला तर प्रेक्षक सुटतो. तो वाजवी वाटणाऱ्या माणसाने, वाजवी कारण देऊन केला तर सुटायला जागा राहत नाही.

दुसऱ्या वाचनात मामांनी तो हिशोब शांतपणे, समजावल्यासारखा सांगितला. पुढच्या रांगेतले एक कारखानदार मान डोलावत होते. अर्ध्या तासाने त्यांची मान डोलायची थांबली होती.

आईचं वाक्य

या नाटकात जबाबदारीवर सर्वांत कडक बोलतं कोण? इन्स्पेक्टर नव्हे. आई बोलते. अर्ज का फेटाळला, असं विचारल्यावर ती म्हणते, मुलीला या अवस्थेत टाकणारा जो कुणी पोरगा असेल त्याला धरा, सगळी जबाबदारी त्याची, त्याला चारचौघांत उघडं पाडा. शीलाच्या लक्षात आलेलं असतं. ती आईला थांबवायला बघते. आई थांबत नाही. आणि दार उघडून एरिक आत येतो. दुसरा अंक तिथे पडतो.

संदेश आहे तसा बाईच्या तोंडी दिलेला आहे आणि शब्दाशब्दाने बरोबर आहे. ‘ज्याची चूक त्याची जबाबदारी’ याला कोण नाही म्हणेल? पण ती हे स्वतःवरची जबाबदारी झटकण्यासाठी बोलते आहे आणि तिच्या नकळत फास घरातच आवळला जातो आहे. बरोबर विचार चुकीच्या हेतूने बोलणारं पात्र नाटककाराने निवडलं, म्हणून तो विचार उपदेश न राहता घटना झाला. आपल्याकडे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये तेंडुलकरांनी असंच केलं. समाजाची, नीतीची सगळी भाषा काशीकरांच्या आणि त्या खोट्या कोर्टातल्या इतरांच्या तोंडी आहे, आणि ती ऐकता ऐकता आपल्याला त्या भाषेचीच भीती वाटू लागते.

पहिल्या वाचनात हा प्रसंग घाईत गेला होता. दुसऱ्या वेळी आईची भूमिका वाचणाऱ्या बाईंनी एक साधी गोष्ट केली. त्या रागावल्याच नाहीत. मंडळाच्या बैठकीत ठराव वाचून दाखवावा तसं त्यांनी ते वाचलं. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून आलेल्या बायांच्या घोळक्यातून ‘अगं बया’ असं स्पष्ट ऐकू आलं. एरिक येण्याच्या आधी.

कापलेला शेवट परत आला

इन्स्पेक्टर गेल्यावर घरच्यांना शंका येते. या नावाचा इन्स्पेक्टर पोलिसांत आहे तरी का? जेराल्ड बाहेरून चौकशी करून येतो: नाही. मग पुढचं तर्कट. फोटो प्रत्येकाला वेगळा दाखवला असेल. मुलगी एकच होती कशावरून? जेराल्ड इस्पितळात फोन लावतो. आत्महत्येची एकही केस आलेली नाही. झालं. आई-बाप आणि जावई यांचे चेहरे फुलतात, पेले भरले जातात, अंगठी परत बोटात घालायची गोष्ट निघते. शीला आणि एरिक त्यात नाहीत. आपण जे केलं ते केलंच आहे, त्याने कुणी मेलं नाही हे आपलं नशीब, असं शीला म्हणते. आणि मग फोन वाजतो. एक मुलगी इस्पितळात नेताना आत्ताच दगावली आहे. चौकशीला पोलीस इन्स्पेक्टर निघाला आहे.

हा भाग कापल्यावर नाटक भाषणाचं होतं. ठेवल्यावर ते माणसांचं होतं. पोलीस समोर उभा असताना सगळेच थोडेफार शरमतात. ती शरम कशाची ते तेव्हा कळत नाही. भीती उठल्यावर कोण सैल झालं आणि कोणाला तरीही बसवेना, यावरून कळतं. प्रीस्टलींनी पाचही जणांना एकाच परीक्षेला बसवून दोन गट पाडले. बापाला बदनामीची चिंता आहे, सरकारी किताब हुकेल ही चिंता आहे. शीलाला त्या मुलीची. दोघांनीही इन्स्पेक्टरचं भाषण ऐकलेलं आहे. भाषणाने माणूस बदलतो असं नाटककाराला वाटत असतं तर हा उत्तरार्ध त्यांनी लिहिलाच नसता.

वेळ भरून काढायला साखरपुड्यातल्या थट्टामस्करीची पानं कापली. ती गेल्याचं कुणाला जाणवलंही नाही.

चर्चेत पहिला प्रश्न कॉलेजच्या मुलाने विचारला: मुलगी एकच होती की पाच? इन्स्पेक्टर भूत होता का? लेखक उत्तर द्यायला सरसावला होता, पण मागच्या रांगेतले एक आजोबा, मिलमध्ये सांचावर, म्हणजे मागावर, हयात घालवलेले, मधेच बोलले. ‘एक असो नाहीतर पाच. काढली ती काढलीच की.’ शीला आणि एरिक जे सांगायला दोन पानं घेतात ते इतकंच आहे. त्यावर पुढच्या रांगेतल्या कारखानदाराने विचारलं, मग काय, कुणाला कामावरून काढायचंच नाही का? मामा स्टेजवरून म्हणाले, ‘काढल्यावर ती पुढे कुठे गेली, हे मी पण कधी विचारलं नाही.’ हे संहितेतलं वाक्य नव्हतं. यानंतर चर्चा नाटकावरून हटली आणि उचल, बोनस, फंड, विड्यांचा हजारी दर यांवर गेली. काही ठरलं नाही. कुणी कुणाला पटवलंही नाही. पण दर ठरवणारे आणि त्या दराने काम करणारे एका हॉलमध्ये बसून या विषयावर निवांत बोलताहेत, हे मी तरी पूर्वी पाहिलं नव्हतं.

दाराशी उभी असलेली

मूळ नाटकात एडना नावाची मोलकरीण आहे. तिला मोजकी वाक्यं, त्यात इन्स्पेक्टर आल्याची वर्दी. आमच्या दिग्दर्शकाने दुसऱ्या वाचनात तिला आत जाऊ दिलं नाही. ती दाराशी उभी राहिली, सबंध वेळ. इव्हाच्याच वयाची, तिच्यासारखीच गरिबाघरची, सगळं ऐकणारी. लेखकाला हे पटलं नव्हतं. प्रेक्षकाचं लक्ष जाईल असं तो म्हणत होता. लक्ष गेलंच.

शेवटाकडे एक विडी कामगार बाई उभ्या राहिल्या. ‘मघापासनं ती पोरगी दारात उभी आहे. तिचा पगार किती, ते नाही सांगितलं कुणी.’

दिग्दर्शक म्हणाला, ताई, संहितेत नाही ते. बाई म्हणाल्या, ‘मग घाला.’

यावरून गटात पुढे बरेच दिवस भांडण चाललं. लेखकाने रातोरात तिच्यासाठी एक स्वगत लिहून आणलं. मी वाचलं, भाषा चांगली होती, संताप खरा होता. पण इन्स्पेक्टरच्या भाषणाचं जे झालं तेच याचं होणार हे दिसत होतं. तिने बोलून दाखवलं की लोक पुन्हा टाळ्या वाजवणार, पुन्हा मोकळे होणार. शिवाय साखरपुड्याच्या घरात, मालकांसमोर, कामाची मुलगी असं बोलेल का? त्या बाईंनी भाषण मागितलंच नव्हतं. पगार विचारला होता.

तोड आईची भूमिका करणाऱ्या बाईंनी काढली. पहिल्या अंकात, इन्स्पेक्टर यायच्या आधी, पानं वाढली जात असताना आई एडनाला जाता जाता एक वाक्य बोलेल: ‘दिवाळीची उचल या महिन्यात कापून घेते गं, पुढच्या महिन्यावर नको ढकलायला.’ ती मान हलवेल आणि वाटी उचलेल. पुढे कुणी त्याचा उल्लेख करणार नाही, इन्स्पेक्टरसुद्धा नाही. कुणाच्या लक्षात येईल, कुणाच्या येणार नाही. मला हे स्वगतापेक्षा दसपट वजनदार वाटतं. आईने अर्ज फेटाळण्याच्या कितीतरी आधी ही बाई कशी आहे ते कळतं, आणि ती स्वतःच्या दृष्टीने काहीही चूक करत नाही हेही कळतं. लेखकाचा विरोध अजून पुरता मावळलेला नाही.

राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर हा प्रयोग करायची सगळ्यांची इच्छा आहे. प्रीस्टली १९८४ मध्ये वारले, म्हणजे हक्क अजून चालू आहेत. रूपांतर स्पर्धेत न्यायचं तर हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल. तो पत्रव्यवहार सुरू केला आहे. तोवर तिसरं वाचन अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला, कारखान्यांची सुट्टी बघून करायचं ठरलं आहे. मामांनी स्वतः लूमवाल्यांना बोलवायचं अंगावर घेतलं आहे. उचलेचं वाक्य संहितेत टाइप झालं आहे, आणि चर्चेच्या सुरुवातीला ‘यातून काय संदेश मिळाला’ हा प्रश्न स्टेजवरून कुणी विचारायचा नाही, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.